कारच्या दाराचा लॉक स्विच: बदलण्याआधी तपासा

रिमोटने चारही दारे बंद होतात, पण चालकाच्या दारावरचा स्विच दाबला तर काहीच होत नाही. कुणाच्या गाडीत उलटे घडते: स्विच चालतो, रिमोट चालत नाही. कुठे तीन दारांतून ‘खट्’ आवाज येतो आणि चौथे गप्प राहते. पुण्या-नागपुराहून बदली होऊन एमएच क्रमांकाची गाडी घेऊन जयपूरला गेलेली मराठी मंडळी असोत की तिथेच वाढलेली, गॅरेजमध्ये सगळ्यांना एकच वाक्य ऐकू येते: “पूरा पॅनल बदलना पडेगा।” पॅनल बदलले जाते, काही हजार रुपये जातात आणि पंधरा दिवसांत तक्रार पुन्हा उभी राहते, कारण बिघाड स्विचमध्ये नव्हताच.

हा घोळ टाळायला दोन मोजमापे पुरतात. एक स्विच बाहेर काढून आणि दुसरे स्विच जोडलेला असताना. ती स्वतः करता आली तर उत्तमच, नाही तर गॅरेजवाल्याला ती आपल्यासमोर करायला सांगा. तोवर नव्या भागाला होकार देऊ नका.

जयपूरची हवा या तक्रारीला खतपाणी घालते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीच्या दारावरचे प्लास्टिक कडक होते आणि बॅटरी लवकर थकते. आँधी आली की बारीक वाळू काचेच्या फटीतून स्विचच्या पॅनलपर्यंत पोहोचते. मग पावसाळा येतो. दाराच्या तळाशी पाणी निथळायला भोके असतात, ती धुळीने बुजली की पाणी दारातच साठते आणि कनेक्टर गंजू लागतात. १४ ऑगस्ट २०२०च्या मुसळधार पावसात जयपूरच्या काही भागांत गाड्या वाहून गेल्या, गाळात रुतल्या. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीत दाराची वायरिंग काही महिन्यांनीही दगा देऊ शकते.

स्विच नेमके काय करतो

आजच्या बहुतेक गाड्यांत लॉक स्विच दारांच्या मोटरना थेट वीज देत नाही. तो घराच्या बेलच्या बटणासारखा फक्त वर्दी देतो. वर्दी पोहोचते बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘बीसीएम’कडे. ते दारांतल्या लॉक मोटरना क्षणभर वीज सोडते. लॉक करताना वीज एका दिशेने जाते, उघडताना उलट्या. या लॉक मोटरला बाजारात ‘गन’ म्हणतात.

जुन्या गाड्यांत किंवा बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये बीसीएमच्या जागी डॅशबोर्डखाली एक छोटा रिले बॉक्स असतो. तिथे चालकाच्या दारातल्या गनला पाच वायरी असतात आणि बाकी दारांच्या गनना दोन-दोन. पाचपैकी दोन मोटरच्या, तीन स्विचच्या. अशा गाडीत वेगळे बटण नसते. दाराची खुंटी वर-खाली केली की गनमधलाच स्विच वर्दी देतो.

मीटर हातात घेण्याआधी

लक्षणे नीट पाहिली तरी निम्मे काम होते. एका कागदावर लिहून काढा:

- रिमोट चालतो, स्विच नाही: गन, फ्यूज आणि बीसीएमचा मोटरकडचा भाग ठीक. संशय स्विचवर किंवा त्याच्या वायरींवर.
- स्विच चालतो, रिमोट नाही: रिमोटचा सेल पाहा. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो.
- एकच दार गप्प: स्विचला हात लावू नका. त्या दाराची गन किंवा दार आणि खांबामधली वायर पाहा.
- सगळी दारे गप्प, पण वेग घेतल्यावर आपोआप लॉक लागते: गन आणि फ्यूज ठीक. स्विच, त्याची वायर आणि रिमोटचा सेल अशा वेगवेगळ्या जागी शोधा.
- आवाज येतो, पण मरगळलेला: आधी बॅटरी.
- स्विच कधी चालतो, कधी नाही, आणि दार हलवले की फरक पडतो: वायर आतून तुटत आली आहे.

बिघाड नसतानाही स्विच गप्प असतो

काही वेळा गाडी तिला सांगितले तसेच वागत असते. बाहेरून रिमोटने लॉक केल्यावर काही गाड्या आतला स्विच मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे काच फोडून आत हात घालणाऱ्याला तो दाबून दार उघडता येऊ नये. चालकाचे दार उघडे असेल तर काही गाड्या लॉक स्वीकारत नाहीत. स्विच पाठोपाठ दाबत राहिलात तर मोटर तापू नयेत म्हणून बीसीएम काही वेळ हुकूम घेणे थांबवते. मागच्या दारातला चाइल्ड लॉक तर पूर्णपणे यांत्रिक असतो. तो लागलेला असताना दार आतून उघडत नाही, याचा स्विचशी संबंध नाही. गाडीच्या पुस्तिकेतले सेंट्रल लॉकिंगचे पान आधी वाचा.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. डीटी-८३०डी हा साधा मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. घेताना बझर आहे ना ते पाहा. दिसायला तसाच असलेल्या ८३०बीमध्ये तो नसतो.
- प्लास्टिकची पट्टी, ट्रिम म्हणजे दाराचे आतले आवरण उचकटण्यासाठी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पॅनलवर कायमचे ओरखडे पडतात.
- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, इन्सुलेशन टेप.
- प्रोबच्या टोकाला लावायला दोन बारीक टाचण्या, कनेक्टरच्या मागून वायरच्या कडेने आत सरकवण्यासाठी.

काम सावलीत करा. चालकाची काच खाली ठेवा आणि किल्ली खिशात. तपासणीच्या मध्येच दारे लॉक होऊन किल्ली आत राहण्याचा प्रकार दुर्मीळ नाही.

सुरुवात बॅटरी आणि फ्यूजपासून

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करून मगच पुढे जा, नाहीतर नंतरचा प्रत्येक आकडा फसवेल.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात डोअर लॉकचा फ्यूज शोधा. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांवर व्होल्टेज पाहा. दोन्हीकडे आले तर फ्यूज ठीक, एकाच बाजूला आले तर गेलेला. ब्लेड फ्यूजचा रंग त्याची क्षमता सांगतो: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. गेलेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा बसवा. तो पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. मोठा फ्यूज टाकून तो दोष झाकला तर वायर जळते.

पहिले मोजमाप: स्विच बाहेर काढून

अनेक गाड्यांत स्विचचे पॅनल दाराच्या ट्रिमवरून वेगळे उचलता येते, अख्खी ट्रिम काढावी लागत नाही. काढावीच लागली तर हँडलच्या वाटीत आणि हात ठेवायच्या खाचेत छोट्या टोपणाखाली लपलेले स्क्रू आधी शोधा. उन्हाने कडक झालेल्या क्लिप घाईने ओढल्या की तुटतात.

कनेक्टर काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडा. रेडिओ कोड मागत असेल तर तो आधी लिहून ठेवा. मग पुढे असे जा:

१. मीटर २०० ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवा. अर्धा ओहमच्या आसपास जो आकडा येईल, तो प्रोबच्या तारांचा. पुढच्या मोजणीतून तो वजा करा.

२. पुस्तिकेत किंवा वायरिंगच्या आकृतीत स्विचच्या तीन पिना शोधा: अर्थ, लॉक आणि अनलॉक. आकृती नसेल तर पिनांच्या जोड्या एकेक करून तपासा आणि कोणत्या जोडीत दाबल्यावर बझर वाजतो ते टिपा.

३. स्विच न दाबता अर्थ आणि लॉक यांच्यात मार्ग बंद हवा. डीटी-८३०डीवर तेव्हा डावीकडे नुसता ‘१’ दिसतो.

४. लॉक दाबा. आकडा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली आला आणि बोट असेपर्यंत स्थिर राहिला तर ठीक. अनलॉकच्या बाजूने तेच करा.

५. आता स्विच आठ-दहा वेळा दाबा, कडेने दाबा, किंचित हलवा. आकडा पाच, चाळीस, पुन्हा दोन असा उड्या मारत असेल तर आतले संपर्क धुळीने किंवा कार्बनने खराब झाले आहेत. दाबूनही ‘१’च राहिला तर स्विच मेला. न दाबताच बझर वाजत असेल तर आत शॉर्ट आहे.

पाच वायरींच्या गनचीही हीच चाचणी होते. बाजारातल्या बहुतेक गनमध्ये निळी आणि हिरवी वायर मोटरची असते, काळी, पांढरी आणि तपकिरी स्विचची. खुंटी एका टोकाला असताना काळी पांढरीशी जुळते, दुसऱ्या टोकाला तपकिरीशी. दोन्हीपैकी एकही जुळणी होत नसेल तर मोटर फिरत असली तरी गनमधला स्विच गेला आहे.

दोन अपवाद लक्षात ठेवा. काही गाड्यांत लॉक आणि अनलॉक हे दोन्ही हुकूम एकाच वायरवरून वेगवेगळ्या रोधाच्या रूपात जातात. तिथे शेकडो ओहम दिसणे हा दोष नाही, आकडा स्थिर आहे का ते पाहा. काही नव्या गाड्यांत अख्खे पॅनल डेटा पाठवते. तिथे ही चाचणी लागू पडत नाही, स्कॅनरच लागतो.

दुसरे मोजमाप: स्विच जोडलेला असताना

स्विच चांगला निघाला, तरी त्याची वर्दी पोहोचते का हा प्रश्न उरतो. कनेक्टर पुन्हा लावा, बॅटरी जोडा, किल्ली ऑन करा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब दाराच्या न रंगवलेल्या बोल्टला आणि लाल प्रोब टाचणीने कनेक्टरच्या मागून लॉकच्या वायरला लावा.

- न दाबता ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास, दाबल्यावर जवळपास शून्य: स्विच, अर्थ आणि इथवरची वायर निर्दोष. तरीही दारे हलत नसतील तर बिघाड बीसीएम, रिले किंवा गनकडे आहे. पॅनल बदलून काहीही होणार नाही.
- न दाबताही शून्य: बीसीएमकडून वायर इथवर येत नाही, किंवा बीसीएम झोपेत आहे. दार उघडून-मिटून पुन्हा पाहा.
- दाबल्यावर व्होल्टेज अजिबात हलत नाही: स्विच किंवा अर्थ तुटलेला.
- दाबल्यावर दोन-तीन व्होल्टांवर अडकते: आता लाल प्रोब अर्थच्या पिनला लावून पुन्हा दाबा. तिथे व्होल्टेज दिसले तर अर्थ सैल किंवा गंजलेला. तिथे शून्य असेल तर दोष स्विचच्या संपर्कांचा.

काळी प्रोब जिथे टेकवली तो बोल्ट खरोखर अर्थ आहे ना, हे आधी पक्के करा. बिजागरी रंगवलेल्या आणि ग्रीसने माखलेल्या असतात, त्यामुळे दाराच्या पत्र्याला कधी कधी नीट अर्थ मिळत नाही. शंका असेल तर लांब वायरने थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडा.

रबरी नळीतली वायर

दार आणि खांबाच्या मध्ये घडीघडीची रबरी नळी असते. दार जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा तिच्यातल्या वायरी वाकतात, आणि चालकाचे दार सर्वांत जास्त उघडते. कित्येकदा तांबे तुटते आणि वरचे प्लास्टिक शाबूत राहते, त्यामुळे नुसते पाहून कळत नाही. बॅटरी सोडून मीटर बझरवर ठेवा, एक प्रोब स्विचच्या कनेक्टरला आणि दुसरी त्याच वायरच्या खांबाकडच्या टोकाला लावा. कुणाला तरी दार सावकाश उघड-मीट करायला सांगा. बझर तुटक वाजला तर गुन्हेगार सापडला.

इथे दुरुस्ती म्हणजे तुटलेल्या जागी लवचिक वायरचा तुकडा सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह लावणे. दोन टोके पिळून वर टेप गुंडाळली तर पहिल्या पावसापर्यंतच टिकेल.

गनपर्यंत वीज येते का

गनच्या प्लगवर वीज जेमतेम सेकंदभर किंवा त्याहूनही कमी येते. स्वस्त मीटरचा आकडा तेवढ्यात स्थिर होत नाही. प्लगच्या दोन पिनांमध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावून कुणाला रिमोट दाबायला सांगा. बल्ब क्षणभर पेटला तर वीज येते आहे आणि गन गेली आहे. पेटला नाही तर पुन्हा वायर आणि रिलेकडे वळा.

या चुका महागात पडतात

- बल्बचा टेस्टर स्विचच्या सिग्नल वायरला लावू नका. तो सिग्नलला झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढतो. त्या वायरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देणे तर बीसीएम जाळण्याचा हमखास मार्ग आहे. एखादा कारागीर ‘डायरेक्ट देके देखता हूँ’ म्हणाला तर थांबवा.
- पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. ते बहुधा एअरबॅगचे असतात. बाजूच्या एअरबॅगचे सेन्सर काही गाड्यांत दारातच असतात, अशा गाडीची ट्रिम अधिकृत कार्यशाळेतच काढू द्या.
- मीटर ओहमवर असताना वीज चालू असलेल्या वायरला प्रोब लावू नका. आकडा खोटा येतो, मीटरही जातो.
- स्विचमध्ये तेलकट स्प्रे मारू नका, त्याला धूळ चिकटते. लवकर वाळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा आणि पूर्ण वाळल्यावरच बॅटरी जोडा.
- ट्रिममागचा प्लास्टिकचा पडदा फाटलेला किंवा अर्धवट चिकटवलेला ठेवू नका. काचेवरून दारात उतरणारे पाणी तोच अडवतो. दाराच्या तळाची भोकेही याच वेळी साफ करून घ्या.

आत अडकलात तर

लॉक बंद पडणे ही एरवी किरकोळ कटकट आहे, पण ४५ अंशांच्या उन्हात ती किरकोळ राहत नाही. मे २०२४ मध्ये कोटा जिल्ह्यात एका लग्नाला आलेल्या कुटुंबाची लहान मुलगी बंद गाडीत राहून दगावली. मूल दुसऱ्याबरोबर उतरले असे प्रत्येकाला वाटले. तिथे दोष लॉकचा नव्हता, पण बंद गाडी उन्हात किती लवकर तापते हे त्यातून कळते.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारमध्ये सेंट्रल लॉकिंग हाताने निकामी करण्याची सोय बंधनकारक आहे, म्हणजे वीज गेली तरी दार आतून उघडता आले पाहिजे. तुमच्या गाडीत ती कशी चालते, ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. कुठे खुंटी ओढावी लागते, कुठे आतले हँडल दोनदा. स्मार्ट कीच्या आत धातूची किल्ली असते आणि चालकाच्या बाहेरच्या हँडलवर टोपणाखाली तिचे भोक. ते एकदा उघडून पाहा, धुळीने किल्ली फिरत नसेल तर आत्ताच कळेल.

गॅरेज, वॉरंटी आणि तुमचे हक्क

जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरचा कारागीर असो की कंपनीची कार्यशाळा, काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. “लॉक काम करत नाही” एवढे पुरत नाही. “रिमोटने चारही दारे लागतात, स्विचने एकही नाही” असे लिहा. अंदाजपत्रक लेखी मागा, बदललेला जुना भाग परत मागा आणि पक्के बिल घ्या.

वॉरंटीतली गाडी स्वतः उघडू नका. वरची लक्षणांची यादी, बॅटरी आणि फ्यूज इतके पाहून थेट कंपनीकडे जा. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा कापलेली वायर दिसली की विजेच्या तक्रारीवरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मात्र बाहेर काम केले म्हणून सरसकट सगळी वॉरंटी रद्द, असे कुणी म्हटले तर लेखी मागा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना न देण्याबद्दल १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, सदोष दुरुस्तीमुळे जितके नुकसान झाले तितक्यापुरतीच ती नाकारावी, असेही त्याच आदेशात म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण युक्तिवादासाठी हा मुद्दा हाताशी असू द्या. केंद्राच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर वाहन क्षेत्रासाठी वेगळा विभाग आहे, तिथे कंपन्यांची दुरुस्ती आणि वॉरंटीबाबतची माहिती पाहता येते.

विम्याचे गणित वेगळे आहे. झिजून किंवा शॉर्ट होऊन बंद पडलेला स्विच स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात बसत नाही. पुराचे पाणी शिरून वायरिंग खराब झाली तर बसते. अशा वेळी गाडी सुरू करू नका, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा आणि दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा.

निष्कारण भाग बदलला किंवा दुरुस्तीने बिघाड वाढला, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी गॅरेजला किंवा कंपनीला लेखी तक्रार द्या. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणीही करता येते. म्हणजे गाडी नागपुरात घेतलेली असली आणि आता मुक्काम जयपुरात असला तरी जयपूरच्याच आयोगाकडे जाता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते. तक्रारीला जॉब कार्ड, बिल, जुन्या भागाचा फोटो आणि दोन्ही मोजमापांच्या वेळी मीटरवर दिसलेल्या आकड्यांचे फोटो जोडा.